परसातली उबवण : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत : घरच्या घरी कोंबडीची अंडी उबवणे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पुष्कळ घरांत आता लहान उबवणयंत्रे आली आहेत, आणि त्याच घरांच्या पडवीत डालग्याखाली खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही आहे. पत्रे वाचताना यंत्र चांगले की कोंबडी, अशी जणू स्पर्धाच लावलेली दिसते. मला ती मान्य नाही, कारण दोघांची कामे वेगळी आहेत आणि दोघांच्याही बाबतीत शेवटी साक्ष काढायची ती अंड्याचीच.

प्रश्न : जुलैमध्ये मी ४८ अंड्यांचे स्वयंचलित यंत्र घेतले. सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे तापमान ३७.७ अंश ठेवले, पाण्याच्या दोन्ही वाट्या रोज भरल्या, अंडी आपोआप फिरत होती. सातव्या दिवशी बॅटरीचा उजेड अंड्यांतून पाडून पाहिले तेव्हा ४१ अंड्यांत जीव होता. एकविसाव्या दिवशी मात्र नऊच पिल्ले बाहेर आली. उरलेली अंडी फोडली तर आत पूर्ण वाढलेली, ओली, सुजल्यासारखी पिल्ले मेलेली होती. यंत्र सदोष आहे का? सासूबाई म्हणतात की पावसात अंडी उबवायला घेऊच नयेत. (एक वाचक भगिनी, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, ४१ जिवंत अंड्यांपैकी ३२ पिल्ले अगदी शेवटच्या टप्प्यावर जावीत, हे मनाला फार लागणारे आहे. तरीही न उबलेली अंडी तशीच खड्ड्यात न पुरता तुम्ही फोडून पाहिलीत, हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातच होते. पूर्ण वाढलेले पण ओले, फुगीर पिल्लू आणि कवचात साचलेले पाणी ही अंड्यातले पाणी पुरेसे न आटल्याची खूण आहे. यंत्र बहुधा निर्दोष आहे. घात केला तो रोज भरलेल्या त्या दोन वाट्यांनी.

अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. उबवणीच्या पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ ते १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. तेवढे पाणी गेले म्हणजे रुंद टोकाकडचा हवेचा कप्पा मोठा होतो, आणि एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू त्या कप्प्याच्या पापुद्र्यात चोच खुपसून आयुष्यातला पहिला श्वास तिथेच घेते. कप्पा लहान राहिला तर पिल्लाला आत वळायला जागा उरत नाही आणि चोच हवेत जाण्याऐवजी पाण्यात जाते. तुमच्या अंड्यांत हेच घडले आहे.

आता आपल्या किनाऱ्यावरच्या हवेचा हिशेब पाहू. जुलैत तुमच्याकडे पावसाच्या दिवशी हवा साधारण २७ अंश आणि तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. हीच हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिच्यातली वाफ तेवढीच राहते; परंतु गरम हवा अधिक वाफ सामावून घेऊ शकत असल्यामुळे आर्द्रतेचा आकडा आपोआप ५० टक्क्यांपर्यंत उतरतो. पहिल्या अठरा दिवसांना हवी असते ती जवळजवळ तेवढीच, म्हणजे ५० ते ५५ टक्के. याचा अर्थ असा की कोकणच्या भर पावसात यंत्रात पाण्याचा थेंबही न घालता पहिले अठरा दिवस पार पडू शकतात. तुम्ही त्यात दोन भरलेल्या वाट्यांची भर घातलीत. याउलट जानेवारीत बाहेरची हवा २५ अंश आणि ६० टक्के असेल, तर यंत्रात ती ३० टक्क्यांच्या खाली येते, आणि तेव्हा मात्र वाटी भरावीच लागते. पुस्तिका सगळ्या प्रदेशांसाठी एकच छापलेली असते, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

मग कशावर विसंबायचे? स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा लहान काटा असतो, त्याच्यावर. यंत्रात अंडी ठेवण्यापूर्वी दहा अंड्यांवर पेन्सिलीने खुणा करून त्यांचे एकत्र वजन लिहून ठेवा. समजा, दहा गावठी अंडी मिळून ४५० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती ४२८ ग्रॅमच्या जवळपास आणि अठराव्या दिवशी ३९५ ग्रॅमच्या जवळपास आली पाहिजेत. सातव्या दिवशी काटा अजून ४४० दाखवत असेल, तर हवा फार ओली आहे असे समजून वाट्या कोरड्या करा, यंत्राची हवेची भोके पूर्ण उघडा आणि यंत्र न्हाणीघर किंवा चूल यांच्यापासून लांब, कोरड्या खोलीत हलवा. वजन ४१५ वर आले असेल तर पाणी घाला. मधल्या काळात वजन घेताना एखादे अंडे वांझ निघाले, तर तेही शेवटपर्यंत त्याच दहांत मोजा, म्हणजे हिशेब चुकत नाही. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद करायचे आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची, म्हणजे पिल्लू कवच फोडत असताना आतला पापुद्रा सुकून त्याच्या अंगाला चिकटत नाही. पावसाळ्यात त्यासाठी एक वाटी पुरते.

यंत्रावरचा आर्द्रतेचा आकडाही एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात जाडे मीठ घेऊन त्यावर ते फक्त भिजेल एवढे पाणी घाला आणि आर्द्रतामापकासह हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ८२ दाखवले, तर तो सात अंकांनी पुढे आहे हे कळते. तापमापकासाठी घरातले ताप मोजायचे थर्मामीटर पुरे आहे : कोमट पाण्यात दोन्ही एकत्र धरून आकडे जुळतात का ते पाहा. अर्ध्या अंशाचाही फरक मोठा असतो. तापमान तेवढे चढे राहिले तर पिल्ले वेळेआधी, अशक्त आणि बेंबी नीट न मिटलेली अशी निघतात. उतरते राहिले तर तेविसावा दिवस उजाडतो.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मोडीत काढू नका. जुन्या घरांत पावसाळ्यातली उबवण टाळत, त्यामागे ओल, बुरशी आणि पिल्लांना लागणारी सर्दी यांचा अनुभव होता. पहिला हंगाम तुम्ही दिवाळीनंतर धरावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असे मीही सुचवीन; काट्याचा सराव झाला की जुलैलाही हात घालता येईल.

प्रश्न : आमची गावठी कोंबडी खुडूक झाली आहे. तिच्याखाली किती अंडी ठेवावीत? आई टोपलीत कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवायला सांगते, म्हणजे विजांच्या गडगडाटाने अंडी नासत नाहीत. यात तथ्य आहे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : प्रथम कोंबडी खरोखर रवणावर, म्हणजे उबवणीला, बसली आहे की नुसती रेंगाळते आहे, हे ठरवा. दोन रात्री सलग तिथेच बसली, हात जवळ नेताच अंग फुगवून घोगरा आवाज काढला आणि छातीखालची पिसे झडून कातडी उघडी पडलेली लागली, तर ती पक्की खुडूक समजावी. त्या उघड्या कातडीला एकदा हात लावून पाहा. तापलेल्या भाकरीसारखी ऊब लागते, आणि अंड्याला ती पिसांचा अडथळा न येता थेट मिळते.

मध्यम गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. ती पंख किंचित पसरून बसली असता एकही अंडे बाहेर दिसू नये, हे माप कोणत्याही आकड्यापेक्षा खरे. तेरावे-चौदावे अंडे घातले तर ते एकटे वाया जात नाही. कोंबडी दिवसातून अनेक वेळा चोचीने अंडी उलटवते आणि कडेची मधे, मधली कडेला करते, त्यामुळे प्रत्येक अंड्यावर पाळीपाळीने गारठ्यात जाण्याची वेळ येते. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा व त्यांवर पेन्सिलीने तारीख लिहा, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडे घालून जातात आणि ते पोरके अंडे आठवडाभर मागे राहून कुजते. कोंबडी नव्या जागी हलवायची असल्यास रात्री हलवा आणि पहिले दोन दिवस तिच्याखाली खोटी अंडी ठेवून ती टिकते का ते पाहा.

टोपलीच्या तळाशी थोडी कोरडी माती व राख, वर पेंढा, मधोमध किंचित खोलगट. कडुनिंबाचा पाला मिळाला तर तोही घाला. उवा आणि बारीक किडे हे बसलेल्या कोंबडीचे मोठे शत्रू आहेत. अंडी अर्धवट टाकून उठणाऱ्या कोंबडीला उलटे करून तिचे पोट पाहिले, तर बहुधा कारण तिथेच सापडते. दाणा म्हणून भात, मका किंवा ज्वारी अख्खी द्यावी आणि पाणी हाताच्या अंतरावर असावे. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, मोठी विष्ठा टाकते, राखेत लोळते आणि परत बसते. तेवढ्या वेळात अंडी गार पडली म्हणून घाबरू नका. रात्री मात्र खुराड्याला बारीक जाळी हवीच, कारण मुंगूस आणि साप यांना बसलेली कोंबडी आयती सापडते.

आता गडगडाटाविषयी. मोठ्या आवाजाने अंड्यातले जीव मरतात, असे उबवणीच्या प्रयोगांत आढळलेले नाही. विमानांच्या आवाजाएवढा आवाज ऐकवूनही अंडी व्यवस्थित उबली होती. तरीही वळवाच्या दिवसांत अंडी अधिक नासतात, हा आईचा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण मला साठवणीत दिसते. मेच्या अखेरीस घरातले तापमान तिशीच्या वर असते आणि अंडी आठ-दहा दिवस स्वयंपाकघराच्या फळीवर साठत असतात. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट जागा होतो, नीट वाढतही नाही आणि स्वस्थ झोपतही नाही, आणि असा जागरण केलेला गर्भ उबवणीच्या पहिल्याच आठवड्यात दगावतो. पुढे वीज कडाडते आणि दोष तिच्या माथी जातो. म्हणून उन्हाळ्यात सात दिवसांपेक्षा जुने अंडे उबवणीला घेऊ नका, आणि शक्य असल्यास चार दिवसांच्या आतलेच घ्या. ओल्या वाळूत अर्धवट पुरलेल्या मातीच्या मडक्यात, रुंद टोक वर करून अंडी ठेवली तर ती पुष्कळ गार राहतात. घरच्या फ्रिजमधला गारठा मात्र त्यांना सोसत नाही.

आईचा खिळा राहू द्या. तो बोथट असावा आणि पेंढ्याच्या तळाशी असावा, एवढेच पाहा. त्यामुळे टोपलीकडे आईचे लक्ष राहणार असेल तर तोही लाभच आहे.

प्रश्न : आमच्याकडे वादळी वाऱ्यात वीज दहा-दहा तास जाते. यंत्रातली अंडी फेकून द्यावी लागतील का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : मुळीच नाही. गर्भाला थंडीपेक्षा उष्णता अधिक लवकर मारते. ४०.५ अंशांच्या वर काही तास गेले तर अंड्यांची आशा सोडावी लागते, परंतु काही तास गार पडलेली अंडी बहुतेक वेळा सावरतात आणि पिल्ले अर्धा-एक दिवस उशिरा निघतात. वीज जाताच यंत्राचे झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरा. वरून गोधडी घाला, हवेची भोके तेवढी मोकळी ठेवा. वीज लांबली तर गरम पाण्याच्या घट्ट बुचाच्या बाटल्या कापडात गुंडाळून अंड्यांच्या शेजारी ठेवा आणि दर दोन तासांनी बदला. शेवटच्या आठवड्यात वाढलेली पिल्ले स्वतः ऊब निर्माण करतात, म्हणून तेव्हा गारठ्यापेक्षा कोंडलेल्या हवेची काळजी अधिक करावी. पंखा बंद असताना दोन-तीन तासांतून एकदा झाकण क्षणभर किलकिले करणे हिताचे. इन्व्हर्टर घेणार असाल तर यंत्राला किती वॅट लागतात ते त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर पाहून, बॅटरी किती तास पुरेल याचा हिशेब दुकानातच करून घ्या.

यापलीकडे माझा खरा भरवसा खुडूक कोंबडीवर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ तुमच्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या गावातही वीज गेली आणि ती कित्येक दिवस आली नाही. यंत्रात अकरा दिवसांची ३० अंडी होती. पहिली रात्र बाटल्यांवर काढली. दुसऱ्या दिवशी वाडीत हिंडून दोन खुडूक कोंबड्या मागून आणल्या, एक आमच्याकडे होतीच, आणि अंधार पडल्यावर तिघींखाली दहा-दहा अंडी सरकवली. एकीने पहिल्याच अंड्यावर चोच मारली, मग थांबून ते पोटाखाली ओढून घेतले; तो आवाज, कवचावर चोच घासल्याचा, मला अजून आठवतो. घराचे पत्रे उडालेले होते, पडवीत पाणी होते, आणि तरी बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी १९ पिल्ले निघाली. तेव्हापासून मी यंत्रात अंडी ठेवते, ती घरात किंवा शेजारी निदान एक कोंबडी खुडूक असल्याची खात्री करूनच.

प्रश्न : दुकानातून आणलेली पांढरी अंडी उबतील का? आणि कडकनाथची अंडी बाहेरगावाहून मागवावीत का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : दुकानातली पांढरी अंडी व्यावसायिक पोल्ट्रीतली असतात. तिथल्या कोंबड्यांबरोबर कोंबडाच ठेवलेला नसतो, त्यामुळे ती अंडी वांझ असतात व कितीही ऊब दिली तरी त्यांतून काही निघणार नाही. उबवणीसाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा असलेल्या घरचीच अंडी घ्या. कोंबडा विकला गेला तरी पुढचे आठ-दहा दिवस कोंबडीची अंडी सफळ राहतात, हेही लक्षात असू द्या.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून त्याच्या नावाने कोणतीही काळी कोंबडी खपवली जाते. अंडी घाट उतरून गाडीत आठ-दहा तास हिंदकळत आली, तर हवेचा कप्पा सुटतो आणि निम्मीअधिक अंडी त्यातच जातात. आणायचीच झाली तर आल्यावर रुंद टोक वर करून पूर्ण एक दिवस स्वस्थ ठेवा, मगच यंत्रात घाला. गिरिराज, वनराज अशा सुधारित संकरित कोंबड्यांची अंडी उबतात, परंतु पुढच्या पिढीत आईबापांचे गुण एकसारखे उतरत नाहीत, आणि त्या कोंबड्या स्वतः खुडूकही क्वचितच होतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने वाडीतल्या गावठी अंड्यांवर हात बसवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पिल्लाने कवचाला भोक पाडले, पण बारा तास झाले तरी ते बाहेर आले नाही. मी कवच सोलून काढले तेव्हा रक्त आले आणि पिल्लू मेले. माझे काय चुकले? (एक वाचक भगिनी, देवगड)

उत्तर : ताई, तुमचा हेतू दयेचा होता आणि ही चूक माझ्याही हातून सुरुवातीला झालेली आहे. पहिले भोक पडल्यापासून पूर्ण बाहेर येईपर्यंत पिल्लाला चोवीस तासही लागू शकतात. वरून ते स्वस्थ पडल्यासारखे वाटते, परंतु आत दोन मोठी कामे चाललेली असतात : कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त अंगात ओढून घेणे आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात घेणे. ही दोन्ही पुरी होण्यापूर्वी कवच सोलले, की वाहत्या रक्तवाहिन्या तुटतात. तुम्हाला दिसलेले रक्त तेच.

म्हणून भोक पडल्यावर चोवीस तास हात लावू नये आणि यंत्राचे झाकणही उघडू नये, कारण एकदा उघडले की आतली ओल निघून जाते आणि बाकीच्या अंड्यांतल्या पिल्लांभोवतीचा पापुद्रा सुकतो. चोवीस तास उलटूनही चीर पुढे सरकत नसेल, पापुद्रा पांढरा व कागदासारखा कोरडा झालेला असेल आणि त्यात लाल रेघा दिसत नसतील, तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो ओला करून चोचीजवळचे कवच नखाएवढे दूर करावे आणि थांबावे. लाल रेघ दिसली तर तत्काळ हात मागे घ्यावा. उरलेले काम पिल्लालाच करू द्यावे.

प्रश्न : यंत्रात निघालेली पिल्ले कोंबडी स्वीकारते का? की दिव्याखालीच वाढवावीत? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : स्वीकारते, आणि यंत्र व कोंबडी यांची सांगड घालण्याची ही सर्वांत सुंदर जागा आहे. यंत्र एका वेळी पन्नास अंडी उबवते, पण पिल्लाला दाणा टिपायला, घारीची सावली पडताच पंखाखाली धावायला आणि पावसाच्या पहिल्या थेंबाला आडोसा धरायला ते शिकवू शकत नाही. यंत्रात अंडी ठेवाल त्याच दिवशी कोंबडीखालीही थोडी ठेवा, म्हणजे दोन्हीकडची पिल्ले एकाच दिवशी निघतात. तिची स्वतःची पिल्ले चोच मारू लागली की त्या रात्री अंधारात यंत्रातली, एक-दोन दिवसांची पिल्ले हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. सकाळी ती सगळ्यांना सारखीच हाक मारते. पिल्ले तीन-चार दिवसांची झाली की हे साधत नाही. मग कोंबडी त्यांना ओळखते आणि टोचते. एका कोंबडीखाली पंधरा-वीस पिल्ले पुरेत, आणि पावसाळ्यात त्याहूनही कमी, कारण ती सगळ्यांना कोरडी ठेवू शकली पाहिजे.

उरलेली पिल्ले दिव्याखाली वाढवताना पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, असे धरावे. एलईडी दिवा ऊब देत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण त्यापायी पिल्ले गमावलेल्यांची पत्रे माझ्याकडे आलेली आहेत. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि भिंतीला चिकटून चोच उघडी टाकत असतील तर उकडते आहे. खाली भाताचे तूस चांगले. ते पावसात रोज हाताने चाळवावे, दमट लागले तर बदलावे, नाहीतर रक्ती हगवण मागे लागते. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस निभावते, त्यामुळे पहिल्या दिवशी दाण्याची घाई नको. आधी पाणी, मग बारीक कणी आणि पिल्लांचे खाद्य.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस विसरू नका. लासोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात टाकतात. लसीच्या लहान बाटलीतही शंभराच्या आसपास पिल्लांचे डोस असतात आणि एकदा कालवलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले जमवून, बर्फाच्या थर्मासमधून लस आणून एकत्र थेंब द्यावेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जाऊन दिवस ठरवला तर हे सोपे होते.

प्रश्न : कोंबडीखाली बदकाची अंडी उबवता येतात का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : येतात. बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात, आणि लाल गाठींच्या तोंडाचे मस्कोव्ही बदक असेल तर ३५ दिवस. कोंबडीची अंडी सोबत ठेवायची असतील तर साध्या बदकाची अंडी सात दिवस आधी ठेवा. गावठी कोंबडीखाली ती पाच-सहाच मावतात, आणि जड असल्यामुळे तिच्याच्याने नीट उलटत नाहीत, म्हणून दिवसातून दोनदा तुम्ही उलटवा. बदकी पाण्यातून ओल्या अंगाने येऊन बसते. कोंबडी तसे करत नाही, तेव्हा हिवाळ्यात शेवटच्या दहा दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिपका रोज द्यावा. एवढ्या लांब बैठकीत कोंबडी फार उतरते. तिचा दाणा वाढवा, आणि मस्कोव्हीची अंडी तर शक्यतो तिच्यावर लादू नका.

पिल्ले निघाल्यावर एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळा. बदकाची पिल्ले दुसऱ्याच दिवशी पाण्याकडे धावतात आणि कोंबडी काठावर कासावीस होऊन ओरडत राहते. आईच्या पिसांचे तेल अंगाला न लागल्यामुळे ही पिल्ले पहिले काही आठवडे पाण्यात भिजतात, गारठतात आणि बुडतातही. विहिरीच्या डोणीत किंवा पोफळीच्या पाटात त्यांना इतक्यात सोडू नका. पसरट ताटात बोटभर पाणी घ्या, त्यात चार-पाच गोटे ठेवा आणि चोच व डोळे बुडतील एवढेच पाणी राहील असे पाहा. पोटाकडची पिसे पूर्ण भरली की मग पाट मोकळा करावा.